मिशनरी कुटुंबांच्या इतिहासात आया, उपदेशक आणि शेजारीही यावेत

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

उत्तर थायलंड आणि म्यानमारच्या डोंगराळ भागात अखा जमातीत राहिलेल्या मिशनरी कुटुंबांविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर वाचकांच्या पत्रांतून त्यावर चर्चा सुरू आहे. ती सर्व पत्रे मी लक्षपूर्वक वाचली. काही वाचकांना त्या कुटुंबांत निखळ सेवा दिसली, तर काहींना एका जमातीची रीतभात मोडणारे परके लोक दिसले. दोन्ही बाजूंचे म्हणणे मनापासूनचे आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु दोघांनीही जे लिहिले ते एकट्या पाद्रीविषयी लिहिले: तो का आला, त्याने किती लोकांना बाप्तिस्मा दिला, त्याच्यामागे कोणाचा पैसा होता. विषय कुटुंबाचा असताना त्याची पत्नी, त्याची मुले, त्या मुलांना सांभाळणारी बाई, त्याच्याबरोबर डोंगर चढणारा स्थानिक उपदेशक आणि ज्यांच्या शेजारी हे घर थाटले गेले ती अखा घरे यांपैकी कोणीही या चर्चेत आले नाही. आमच्या नंदुरबार-नवापूर भागातही अशी मिशनरी घरे होती आणि त्यांच्या आठवणी सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

अखा लोक चीनच्या युनान प्रांताच्या दक्षिणेस, म्यानमारच्या शान राज्यातील केंगतुंग भागात, लाओसच्या उत्तरेकडील डोंगरांत आणि थायलंडच्या चियांग राय परिसरात राहतात. त्यांची भाषा तिबेटो-बर्मी कुळातील असून चीनमध्ये त्यांची गणना हानी या मोठ्या समूहात केली जाते. त्यांच्याकडे लिपी नव्हती. पूर्वी ती म्हशीच्या कातड्यावर लिहिलेली होती, पण स्थलांतराच्या वाटेवर उपासमार झाली तेव्हा पूर्वजांनी ते कातडेच खाऊन टाकले, अशी कथा ते सांगतात. लिपी गेली तरी पाठांतर राहिले. बापाच्या नावाचे शेवटचे अक्षर मुलाच्या नावाच्या आरंभी ठेवण्याची त्यांची रीत आहे, आणि या साखळीच्या आधारे घरातील जाणता पुरुष साठाहून अधिक पिढ्यांची नावे मूळ पुरुषापर्यंत म्हणून दाखवतो. आपल्याकडे भाटाच्या वहीशिवाय इतकी वंशावळ क्वचितच कोणाला सांगता येईल.

त्यांच्या गावाच्या वेशीवर लाकडी कमान असते आणि ती दरवर्षी नव्याने उभारली जाते. कमानीच्या आत माणसांचा प्रदेश, बाहेर भुताखेतांचा आणि रानाचा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, भात पिकण्याच्या आधी, गावात उंच झोका उभारून काही दिवस सण होतो. या सणात बायका आपले सर्व दागिने आणि शिरोभूषणे घालून मिरवतात. आखाजीला माहेरी आलेल्या आपल्या खान्देशी लेकी झाडाला झोके बांधून गाणी म्हणतात, त्यांना हा सण परका वाटणार नाही. त्या शिरोभूषणांत चांदीचे गोळे आणि नाणी ओवलेली असतात, आणि त्या नाण्यांत ब्रिटिश हिंदुस्थानचे चांदीचे रुपये पुष्कळ आढळतात. आपल्याच पणजोबांच्या व्यवहारातील रुपया व्यापाऱ्यांच्या तांड्यांतून फिरत फिरत तिकडच्या डोंगरातील बाईच्या कपाळावर जाऊन बसला, एवढा तो मुलूख आपल्याला जवळचा आहे.

घराची रचना सांगणे मला सर्वांत आवश्यक वाटते. अखा घराचे दोन भाग असतात, पुरुषांचा आणि बायकांचा, आणि पितरांचे स्थान बायकांच्या भागात असते. वर्षातील ठराविक दिवशी तेथे पितरांना अन्न वाहिले जाते. मूल होण्याचे वय सरलेल्या काही स्त्रियांना पांढरा घागरा नेसण्याचा मान विधिपूर्वक मिळतो, आणि असा मान मिळालेली बाई भाताच्या बियाण्याशी निगडित विधी करते. घर कसे बांधावे, बी केव्हा पेरावे, पाहुण्याला काय वाढावे, मेलेल्याला कसे पोचवावे, या सर्वांचे नियम एकत्र बांधलेले असून त्या साऱ्याला ते ‘झांग’ म्हणतात. त्यातून देवपूजा तेवढी बाजूला काढून ठेवता येत नाही. त्यामुळे एखाद्या अखा कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला की प्रश्न केवळ रविवारच्या प्रार्थनेपुरता राहत नसे. त्याला बहुधा कमानीबाहेर पडावे लागे. अशा कुटुंबांनी मग नवी वस्ती केली, जिच्या वेशीवर कमान नव्हती. एक भाऊ आत आणि एक भाऊ बाहेर, अशी घरे दुभंगली. पांढऱ्या घागऱ्याचा मान ज्या वृद्धेला मिळायचा होता, तिला नव्या वस्तीत तो देणारे कोणी उरले नाही. मिशनच्या अहवालात बाप्तिस्म्यांची संख्या येते, पण या वृद्धेचे काय झाले ते येत नाही.

येथे दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे, कारण ती लपवून अखा परंपरेची बाजू घेणे हा अखा स्त्रियांवर अन्याय होईल. जुन्या रीतीत जुळी मुले जन्मणे हे गावावरील अरिष्ट मानले जाई. ती अर्भके मारली जात, आईबापांना गावाबाहेर काढले जाई आणि त्यांचे घर मोडले जाई. अशा जोडप्याला कमानीबाहेरची वस्ती म्हणजे जीवदान होते. शिवाय झांगचे सर्व विधी पार पाडायला डुकरे-कोंबड्या लागतात, भात लागतो, मंत्र म्हणणाऱ्याला द्यावे लागते. युद्धे, स्थलांतरे, अफूचे व्यसन आणि जमिनीची ओढाताण यांनी कंगाल झालेल्या घरांना ते झेपेनासे झाले. अखा समाजाचा अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ कॉर्नेलिया कॅमरर यांनी १९९० च्या सुमारास हेच मांडले की जुन्या रीतीचा भार उचलता न येणे हे धर्मांतराचे एक मोठे कारण होते. फसवणूक किंवा आमिष या एका शब्दात हा सगळा व्यवहार बसवणाऱ्या वाचकांनी या गोष्टीचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

आता मिशनरी घरांकडे वळते. अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनचे विल्यम मार्कस यंग १९०१ मध्ये केंगतुंगला पोचले. त्यांचे मोठे काम लाहू आणि वा लोकांमध्ये झाले, अखांमध्ये बॅप्टिस्ट मिशन त्यानंतर हळूहळू पसरले. इटलीहून आलेले कॅथलिक धर्मगुरूही विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून केंगतुंगमध्ये काम करू लागले, पण ते अविवाहित असल्याने कुटुंबाचा प्रश्न त्यांच्याबाबत उद्भवत नाही. पॉल आणि इलेन लुईस हे दांपत्य १९४७ मध्ये केंगतुंगला आले. १९६६ मध्ये म्यानमारच्या ने विन सरकारने परदेशी मिशनऱ्यांना देश सोडायला लावला, तेव्हा त्यांनाही निघावे लागले, आणि नंतरची अनेक वर्षे त्यांनी थायलंडमध्ये काम केले. लुईस यांनी अखा भाषेसाठी रोमन लिपीत लेखनपद्धती तयार केली, नव्या कराराचे भाषांतर केले, आणि त्यांचा अखा-इंग्रजी शब्दकोश १९६८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने प्रसिद्ध केला. चीनमधून १९५०-५१ मध्ये बाहेर पडावे लागलेल्या चायना इनलँड मिशनची माणसे पुढे ओव्हरसीज मिशनरी फेलोशिप या नावाने थायलंडच्या डोंगरांत आली, आणि त्यांच्यापैकी काही दांपत्यांनी अखा गावांजवळ संसार थाटले.

शब्दकोशाचे उदाहरण घेऊ. शब्दकोशावर नाव एका माणसाचे असते. परंतु स्वराच्या चढउताराने अर्थ बदलणाऱ्या भाषेतील हजारो शब्द परक्या माणसाला एकट्याने गोळा करता येत नाहीत. त्याच्यासमोर बसून तोच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारणारी, चुकला की दुरुस्त करणारी, ‘हा शब्द बायकांसमोर बोलू नये’ असे बजावणारी माणसे असावी लागतात. घरकाम करणारी मुलगी, भात विकायला येणारी बाई आणि औषध न्यायला आलेला म्हातारा हेच त्या कामातील खरे गुरुजन. मिशनरीच्या पत्नीकडे तर ही माणसे अधिक येत, कारण दवाखान्याची खोली, शिवणकाम आणि बाळंतिणीची विचारपूस बहुधा तिच्याकडे असे. पुरुष महिना महिना दौऱ्यावर असताना मिशनचे घर उघडे राहिले ते तिच्यामुळे, आणि तिच्या हाताखाली राबणाऱ्या स्थानिक बायांमुळे. शिवाय अखा गावांत पहिल्यांदा शुभवर्तमान घेऊन जाणारे अनेकदा गोरे नसत, ते लाहू किंवा करेन उपदेशक असत. त्यांच्याही बायका होत्या, मुले होती, आणि गोऱ्या कुटुंबाला मिळणारी सुट्टी, औषधे आणि संकटात मायदेशी परतण्याची सोय त्यांना नव्हती. १९६६ नंतर परदेशी मिशनरी निघून गेले. ही कुटुंबे तेथेच राहिली आणि लष्करी राजवटीत ख्रिस्ती मंडळी त्यांनीच चालवली.

मुलांविषयी लिहिताना मात्र मला थोडे थांबावेसे वाटते, कारण या साऱ्या विषयातील सर्वांत दुखरा भाग तो आहे. चायना इनलँड मिशनने आपल्या मिशनऱ्यांच्या मुलांसाठी १८८१ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर चीफू येथे शाळा काढली होती. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ती शाळा मुलांसकट स्थानबद्ध केली, आणि कित्येक मुलांनी वर्षानुवर्षे आईबापांचे तोंड पाहिले नाही. चीन सोडल्यावर त्याच परंपरेतील शाळा मलायाच्या कॅमेरॉन हायलँड्स या थंड हवेच्या ठिकाणी सुरू झाली आणि ती २००१ पर्यंत चालली. थायलंडच्या डोंगरांत राहणाऱ्या मिशनरी दांपत्यांची मुले वयाच्या सहाव्या वर्षी तेथे पाठवली जात. चियांग रायपासून ते ठिकाण साऱ्या थायलंडची लांबी ओलांडून पलीकडे आहे. मूल वर्षातून एक-दोनदा सुट्टीत घरी येई. ही मुले मोठी झाल्यावर त्यांच्यापैकी अनेकांनी उघडपणे सांगितले आहे की त्या ताटातुटीची जखम भरली नाही. काहींनी त्याच शाळेविषयी प्रेमाने आणि कृतज्ञतेनेही सांगितले आहे. मिशनच्या दृष्टीने हा त्याग होता. तो त्याग करायचा निर्णय मोठ्यांचा होता आणि त्याची किंमत सहा वर्षांच्या मुलाने मोजली, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि मी स्वतः ख्रिस्ती मंडळीत वाढलेली असूनही ते मांडताना मला संकोच वाटत नाही.

भारतातील मिशनरी घरांतही हेच घडत होते. मसुरीजवळची वुडस्टॉक शाळा १८५४ ची, कोडाईकॅनालची १९०१ ची. मैदानी प्रदेशात काम करणाऱ्या मिशनऱ्यांची मुले अशा शाळांत राहत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम खान्देशात स्वीडिश अलायन्स मिशन आणि स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन यांची ठाणी होती. नंदुरबारची एस. ए. मिशन शाळा आणि नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आजही लोकांना परिचित आहेत. आमचे घर मावची आदिवासींचे. आजीच्या पिढीत आमच्या कुळातील निम्मे लोक मंडळीत गेले, निम्मे वाघदेवाला आणि गावदेवाला मानत राहिले. लग्नात आणि मयतीत दोन्हीकडचे येत, पण जेवणाच्या पंगतीत कोणी कोठे बसायचे याचा हिशेब माझ्या लहानपणापर्यंत चालू होता.

माझी आजी एका मिशन बंगल्यात आया होती. मडमबाईंच्या मुलांना तिने अंगाखांद्यावर वाढवले. ती मुले घराबाहेर मावची आणि आहिराणी बोलत आणि आजीजवळच झोपत. डोंगरावरच्या शाळेत जाण्याची वेळ आली की प्रत्येक कपड्यावर मुलाचे नाव शिवून द्यावे लागे. आजीला अक्षरओळख नव्हती. बाई खडूने अक्षरे काढून देत आणि आजी त्यावरून दोऱ्याने टाके घाली. तिच्याकडून हे ऐकताना मला लहानपणी गंमत वाटे. मोठेपणी एक गोष्ट ध्यानात आली, जी तिने कधी तक्रारीच्या सुरात सांगितली नव्हती: त्याच वर्षांत तिची स्वतःची थोरली मुलगी, म्हणजे माझी मावशी, आजीच्या आईजवळ पाड्यावर वाढत होती आणि आजीला सुट्टीच्या दिवशीच भेटत होती. एका घरात दोन माता, दोघींची लेकरे दूर, आणि दोघी मिळून कपडे शिवताहेत. मिशनच्या इतिहासात मडमबाईंचा त्याग सन्मानाने नोंदलेला सापडेल. माझ्या आजीचा तसा कोठे नोंदलेला नाही आणि त्याला कोणी त्याग म्हटलेही नाही, कारण तिला त्याचा पगार मिळत होता.

अखा गावांतही पुढे हे वेगळ्या प्रकारे घडले. डोंगरात शाळा नसल्याने चियांग रायसारख्या शहरांत मिशनऱ्यांनी आणि इतर संस्थांनी वसतिगृहे काढली आणि अखा मुले लहान वयात घर सोडून तेथे राहू लागली. शिक्षण मिळाले, थाई भाषा आली, नागरिकत्वाच्या कागदपत्रांसाठी भांडण्याचे बळ आले. पण वंशावळीची साठ नावे पाठ करण्याचे वय तेच होते. सातपुड्यातील आश्रमशाळांत वाढलेल्या माझ्या विद्यार्थ्यांचे मी जे पाहिले ते याहून वेगळे नाही. पहिलीत आलेले पावरा किंवा मावची मूल प्रमाण मराठीतील पुस्तकासमोर गप्प बसते आणि चार-पाच वर्षांनी सुट्टीत घरी गेल्यावर आजोबांसमोर गप्प बसते. ही व्यवस्था मिशनऱ्यांची नव्हे, आपल्या सरकारची आहे. तेव्हा मूल घरापासून तोडण्याचा दोष केवळ परधर्मीयांच्या माथी मारणाऱ्या पत्रलेखकांनी धडगाव-अक्कलकुव्याच्या एखाद्या आश्रमशाळेत जाऊन यावे.

मिशनरी कुटुंबांविषयीचा संशय निराधार आहे, असेही मी म्हणणार नाही. वर उल्लेखलेल्या यंग घराण्याची पुढची पिढी डोंगरी भाषा मातृभाषेसारखी बोलणारी होती, आणि मार्कस यंग यांचे नातू विल्यम यंग यांनी १९६० च्या दशकात लाओसमध्ये अमेरिकन गुप्तचर संस्थेसाठी काम केले, हे जाहीर आहे. आजोबांनी प्रार्थनेसाठी मिळवलेला लोकांचा विश्वास नातवाने युद्धासाठी वापरला. जे डोंगरी तरुण त्या युद्धात बळी गेले, त्यांच्या घरी या घराण्याचे नाव कोणत्या भावनेने घेतले जात असेल, याची कल्पना केलेली बरी. याउलट लिओ आल्टिंग फॉन गॉयसाऊ हे डच गृहस्थ पूर्वाश्रमीचे कॅथलिक धर्मगुरू. ते १९७० च्या दशकात अखांचा अभ्यास करू लागले, अखा घरातच त्यांनी विवाह केला, आणि २००२ मध्ये निधन होईपर्यंत अखांची मौखिक परंपरा नोंदवण्याचे आणि ती टिकावी म्हणून झटण्याचे काम केले. एकाच डोंगरात इतकी निरनिराळी परदेशी घरे नांदून गेली असताना सर्वांना एका मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

आपल्याकडे सध्या धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे, या मागणीवरून वातावरण तापलेले आहे. अशा वेळी मिशनच्या आठवणी उकरून काढू नयेत, त्याने आगीत तेल ओतले जाईल, असे मला काही जवळच्या लोकांनी सांगितले. मला उलट वाटते. नोंदी नसल्या की दोन्ही बाजूंना हवे ते बोलता येते. खान्देशातील मिशनच्या कामाची कागदपत्रे बहुतांशी स्वीडिश आणि इंग्रजी भाषांत आहेत आणि ती परदेशात आहेत. त्यांत आमचे पूर्वज ‘एक भिल्ल बाई’, ‘आमचा विश्वासू नोकर’ एवढ्यावरच उरतात. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या म्हणून पतीच्या धर्मांतराने एका मराठी ब्राह्मण घरात काय झाले, ते आपल्याला बाईच्या तोंडून कळले. त्या लिहू शकत होत्या. माझ्या आजीला अक्षर येत नव्हते, आणि तिच्याबरोबरीच्या बायांपैकी आता कोणी हयात नाही. त्यांच्या मुली आणि सुना मात्र आहेत. त्या सत्तरी-ऐंशीच्या घरातल्या आहेत आणि विचारले तर सांगतात.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत माझी एक निश्चित विनंती आहे. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि नंदुरबार, नवापूर, धुळे येथील ख्रिस्ती मंडळ्या यांनी एकत्र येऊन या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम हाती घ्यावे. मुलाखती मावची, पावरी, भिलोरी आणि आहिराणीतच घ्याव्यात. मराठीत प्रश्न विचारला की म्हातारी माणसे दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी होतात, हा शिक्षिका म्हणून माझा कायमचा अनुभव आहे. मंडळीत गेलेल्या आणि न गेलेल्या, दोन्ही घरांकडे जावे, आणि बाप्तिस्मा घेऊन पुन्हा जुन्या रीतीकडे परतलेल्यांकडे तर आवर्जून जावे, कारण त्यांना आजवर कोणीच विचारलेले नाही. स्वयंपाकी, आया, दवाखान्यातील परिचारिका, बायबलबाई, उपदेशक आणि बैलगाडी हाकणारे यांच्या वारसांना प्राधान्य द्यावे. मंडळ्यांकडील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या जुन्या नोंदवह्या वाळवीने खाण्याआधी त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि ती ज्यांच्या कुळांची आहेत त्यांच्या संमतीशिवाय उघड करू नयेत. कोण केव्हा ख्रिस्ती झाला याची यादी म्हणून या नोंदींचा वापर होणार नाही, एवढी हमी आधी मिळाली पाहिजे. ती मिळाली नाही, तर घरोघरची माणसे तोंड उघडणार नाहीत, आणि त्यांनी उघडू नये असेच मीही त्यांना सांगेन.

अनेक घरांतील पत्र्याच्या पेट्यांत मिशन बंगल्यासमोर काढलेली जुनी छायाचित्रे आहेत. खुर्च्यांवर बसलेल्या गोऱ्या मंडळींची नावे मागे लिहिलेली असतात, मागे उभ्या असलेल्यांची नसतात. ज्या वाचकांकडे अशी छायाचित्रे असतील त्यांनी ती घरातील वडीलधाऱ्यांना दाखवून उभ्या असलेल्या माणसांची नावे, कूळ आणि पाडा आजच पेन्सिलीने मागे लिहून ठेवावा. छायाचित्र कोणाला देण्याची घाई करू नये. मी नवापूर तालुक्यातील काही घरांत हे काम सुरू केले आहे. शहादा, तळोदा आणि साक्री भागातून कोणी जोडले जाऊ इच्छित असल्यास आपल्या कार्यालयामार्फत त्यांनी पत्र पाठवावे, आणि आपण ती पत्रे माझ्यापर्यंत पोचवावीत, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
नवापूर, जि. नंदुरबार